खानापूरचा पाऊस, अथणीचं ऊन आणि परसातली मिरची-टोमॅटो

या खेपेची पत्रं बहुतेक मिरची-टोमॅटोचीच आहेत. बऱ्याच जणांनी रोग सविस्तर लिहिलाय, पण माती कसली आणि पाऊस किती, हे लिहायचं राहून गेलंय. आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात तर तीच पहिली गोष्ट. खानापूर-जांबोटीकडे जांभी माती आणि हटता न हटणारी झड. अथणी-रायबागकडे काळी माती आणि त्याच दिवसांत आभाळाकडे लागलेले डोळे. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला चालत नाही. म्हणून उत्तरांत गाव धरूनच सांगितलंय.

प्रश्न : दरवर्षी मृगात टोमॅटोची रोपं लावतो. आषाढ सरायच्या आत पानं काळी पडून झाडं जातात. बी बदलून बघू का? (खानापूर)

बी नको, महिना बदला. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पान दिवसचे दिवस ओलं राहतं आणि हवा थंड असते. उशिरा येणाऱ्या करप्याला एवढंच हवं असतं. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, सकाळी पानाखाली डागाच्या कडेनं पांढुरकी बुरशी आणि तीन-चार दिवसांत अख्खं झाड उकडल्यासारखं होतं. हाच रोग बटाट्यावरही येतो. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात पावसाळी बटाटा भरपूर, त्यामुळे शेजारच्या शेतातून बीजाणू वाऱ्याबरोबर येत राहतात. उघड्यावरच्या टोमॅटोला त्या दिवसांत औषध मारलं तरी पुढची सर ते धुऊन नेते.

घाटाकडच्या गावांनी मिरचीचं बी ऑगस्टच्या शेवटी पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशाला टाकावं आणि टोमॅटोचं उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर. हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लावणी. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडा चालतो आणि थंडीत फळही चांगलं धरतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडे मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकून जुलैत लावणी जमते. त्यांना हिवाळ्याचा टोमॅटो वेगळा घ्यायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा बी टाकता येतं.

रोपांचं थोडक्यात सांगतो. घराला चार टोमॅटो आणि पाच-सहा मिरच्या पुरतात. दुप्पट बी टाका, बस. एका ग्रॅममध्ये टोमॅटोचं अडीचशे-तीनशे बी असतं, त्यामुळे पाकीट शेजाऱ्यांत वाटून घेतलेलं बरं. ट्रेमध्ये किंवा कागदी कपात धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. टोमॅटो पाच-आठ दिवसांत उगवतो. मिरचीला आठ ते चौदा दिवस लागतात, गारठा असेल तर आणखी. दहाव्या दिवशी "उगवलं नाही" म्हणून उकरून बघणारे बरेच असतात. तसं करू नका. वरून धारेनं पाणी घातलं की जमिनीलगत देठ बारीक होऊन रोपं कोलमडतात. ट्रे पाण्याच्या परातीत पंधरा मिनिटं ठेवा आणि वर काढून निथळू द्या.

लावणीच्या आधी आठवडाभर रोपांना रोज थोडं जास्त ऊन दाखवा आणि पाणी जरा कमी करा. टोमॅटोचं रोप 25-30 दिवसांचं, मिरचीचं 35-45 दिवसांचं असावं. टोमॅटो लावताना खालची पानं काढून देठ अर्ध्यापर्यंत मातीत पुरा, त्या देठाला मुळ्या फुटतात. मिरचीला हा लाड नको; ट्रेत होती तेवढ्याच खोलीवर लावा.

प्रश्न : शेतातली काळी माती कुंडीत भरली. पाणी घातलं की दोन दिवस वर साचतं, नंतर भेगा पडतात. झाड पिवळं दिसतं. (अथणी)

काळी माती शेतात सोनं असते, बादलीत तिची वीट होते. ओली असताना हवा खेळत नाही, वाळली की आकसून कडा सोडते. मग घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. कुंडी रिकामी करा. दोन भाग काळी माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग भाताची तूस किंवा कोकोपीट, एक भाग जाड वाळू. वीस लिटरच्या बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड. लाल माती मिळत असेल तर वाळूची गरज नाही.

टोमॅटोला वीस लिटरची रंगाची बादली, मिरचीला दहा-बारा लिटरची. बुडाला बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडा, शिवाय कडेला बुडापासून दोन बोटं वर आणखी दोन. चुलीची राख घालायची सवय असेल तर काळ्या मातीत ती घालू नका. ही माती आधीच चुनखडीची, राखेनं लोह आणखी अडकतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तुमच्या झाडाची नवी पानं तशी असतील तर तेही एक कारण समजा. वर उसाचा पाला चार बोटं जाडीनं अंथरा. तो तुमच्याकडे फुकटात मिळतो आणि भेगाही थांबवतो.

प्रश्न : मिरचीवर मावा पडला म्हणून तंबाखूची भुकटी पाण्यात भिजवून मारली. मावा गेला, पण आता मिरची आणि टोमॅटो दोन्हींच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आलेत. औषध जास्त झालं का? (निपाणी)

औषधाचा चटका असता तर पानांच्या कडा करपल्या असत्या. फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे चट्टे, पान खडबडीत, टोमॅटोची पानं अरुंद होऊन नेच्यासारखी दिसणं, ही मोझॅक विषाणूची खूण आहे. आणि तो बहुधा तुमच्या भुकटीतूनच आला. तंबाखू, मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा ही एकाच कुळातली झाडं. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. भिजवून फवारा मारणं म्हणजे तो स्वतःच्या हातानं पानापानांवर पसरवणं. शिवाय त्या पाण्यातलं निकोटीन माणसालाही विषारी. ते अंगावर उडालं किंवा भाजीला राहिलं तर त्रास होतो.

यावर औषध नाही. चट्टे असलेली झाडं मुळासकट उपटून जाळा, कंपोस्टात टाकू नका. विळी, कात्री, काठ्या साबणानं धुवा. तंबाखूच्या काड्या आणि चुरा खत किंवा आच्छादन म्हणूनही या दोन पिकांच्या जवळ आणू नका. दोडका-कारल्याला घातला तर त्यांच्यावर हा विषाणू सहसा येत नाही, पण त्याच हातानं मिरचीकडे जाऊ नका. निपाणीत बऱ्याच घरी विडी वळली जाते, वखारीत काम असतं, खिशात चंची असते. झाडाला बगलफूट (पानाच्या बेचक्यात फुटणारा कोंब) काढायला, बांधायला हात लावायच्या आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, एवढा एक नियम पाळा. हा विषाणू मावा किंवा माशीनं फारसा पसरत नाही, हातांनी आणि अवजारांनी पसरतो.

माव्यासाठी पाण्याची जोरदार धार शेंड्यांवर मारली तरी निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, आधी ते 1-2 मिली पातळ साबणात घोटून.

प्रश्न : मिरचीला बोकड्या आलाय ओ. दुकानदारानं दोन औषधं दिली, दोन्ही मारली, पानं काही सरळ होईनात. (शहापूर, बेळगाव)

पहिली गोष्ट : एकदा मुरडलेलं पान कुठल्याही औषधानं सरळ होत नाही. औषध लागू पडलं की नाही ते शेंड्याच्या नव्या पानांवरून आठ-दहा दिवसांनी ओळखायचं. जुनी पानं बघत औषधावर औषध मारत बसलं की पैसे जातात आणि किडीला खाणारे मित्रकीटकही मरतात.

दुसरी गोष्ट : बोकड्या, चुरडा-मुरडा म्हणून आपण जे म्हणतो ते एक नाही, तीन वेगळी दुखणी आहेत. पान तोडून हातात घ्या आणि वाटीसारखं कुठल्या बाजूला वळलंय ते बघा.

कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. पान उलटं करा; मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना चंदेरी किंवा तपकिरी चरे दिसतील. शेंडा पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा झटका. दोरा तोडून टाकावा तसे पिवळट किंवा काळे बारीक जीव चालायला लागले की खात्री झाली. फूल उकलूनही बघा. 2021-22 साली तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातल्या मिरचीचं मोठं नुकसान केलेला काळा फुलकिडा फुलातच दडून बसतो आणि फुलं गळतात.

कडा खाली वळल्या असतील, म्हणजे होडी पालथी, पान अरुंद, गडद आणि कडक, देठ लांबलेला, तर तो पिवळा कोळी. हा डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. कीटक नसल्यानं फुलकिड्याचं औषध त्याला बहुतेक वेळा चालतच नाही. तुमच्या दोन फवारण्या वाया गेल्या त्याचं कारण इथंच असू शकेल.

पानं दोन्हीकडे कशीही चुरगळलेली, बारीक, झुपक्यानं आलेली, शिरा पिवळ्या आणि झाडाची वाढच खुंटलेली असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. ते झाड बरं होत नाही. सोन्यासारखं वाढवलेलं झाड उपटायला मन होत नाही, पण ते ठेवलं तर बाकीची जातात. आधी त्याच्यावर निंबोळीचं पाणी मारून माश्या खाली बसवा, मग पिशवी घालून उपटा. नाहीतर हलवताक्षणी माश्या शेजारच्या कुंडीवर जाऊन बसतात.

फुलकिड्यांना 5 टक्के निंबोळी अर्क : 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून पिळा, एक लिटर पाणी करा, चमच्याच्या टोकावर मावेल एवढा साबण घाला आणि त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी, पानांच्या खालून. सहा-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. फुलकिड्यांसाठी निळे आणि माशीसाठी पिवळे चिकट कागद झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा. ते कीड संपवत नाहीत, पण कधी आली ते सांगतात. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पारा 32-33 अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पान भाजतं. तेलाची फवारणी आणि गंधक यांत पंधरा दिवसांचं अंतर हवंच.

दुकानातून रासायनिक औषध आणलंच तर ते मिरचीसाठी आहे का आणि फवारल्यावर किती दिवसांनी तोडायचं, हे दोन्ही डब्यावर छापलेलं असतं. लेबल वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा.

प्रश्न : टोमॅटोचं बूड काळं पडतं, चामड्यासारखं होतं. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही. (हुक्केरी)

फळाला कॅल्शियम कमी पडतंय, पण बहुतेक वेळा मातीत ते असतंच. ते पाण्याबरोबरच वर चढतं, आणि फळाचं बूड हे त्या वाटेचं शेवटचं टोक. दोन दिवस कुंडी वाळली, तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं, की त्या दोन दिवसांत वाढलेल्या फळाला ते पोचलेलं नसतं. टरफलं विरघळायला महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही.

फळं धरल्यावर वीस लिटरच्या बादलीला हिवाळ्यात रोज साधारण एक-दीड लिटर, उन्हाळ्यात दोन-तीन लिटर पाणी लागतं, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून. बोट दोन पेरं मातीत घाला. टोक कोरडं लागलं की पाणी. आच्छादन करा. युरिया बंद, नत्रानं पाला जोरात वाढतो आणि आलेलं कॅल्शियम पानंच खातात. माती लाल-जांभी असेल तर पुढच्या वेळी कुंडी भरतानाच दोन चमचे शेतीचा चुना मिसळा. बूड काळं पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. पुढची चांगली येतील.

प्रश्न : हिरवंगार टोमॅटोचं झाड दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि तीन-चार दिवसांत हिरवं असतानाच मरतं. पाणी भरपूर घालतो. (कडोली)

पाणी भरपूर घालता हेच त्याला आवडतं. पान पिवळं न पडता मेलं म्हणजे जिवाणूजन्य मर असण्याचा संभव जास्त. खात्री घरीच करा. बुडाजवळचा चार बोटं देठ कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि देठाचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरा. हलवू नका. पाच मिनिटांत टोकापासून दुधासारखी पांढरी धार खाली उतरायला लागली तर जिवाणूच. धार नसेल आणि देठ आतून तपकिरी असेल तर बुरशीची मर.

जिवाणू असेल तर त्या वाफ्यात टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा काहीही तीन वर्षं नको. तुमच्याकडे बटाट्याचं रान परसाला लागून असतं, त्याचं पाणी वाफ्यात येत असेल तर आधी ते वळवा. मका, कांदा, मेथी घ्या. जागाच नसेल तर नव्या मातीच्या बादल्या जमिनीला न टेकवता फरशीवर ठेवा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित टोमॅटो या मरेला, पर्णगुच्छाच्या (पानं मुरडून झुपका करणाऱ्या) विषाणूला आणि लवकर येणाऱ्या करप्याला दाद देत नाही. अशा जागी तोच लावा. उशिराच्या करप्याला मात्र त्याचा भरवसा धरू नका.

प्रश्न : ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते असं सासूबाई म्हणतात. खरं का? घरच्या संकेश्वरीचं बी धरायचं आहे. (संकेश्वर)

सासूबाईंचं एक पिढी पुढचं खरं आहे. यंदाच्या ढोबळीत तिखट उतरत नाही, कारण तिखटपणा बीत नसतो. बी जिला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढऱ्या शिरेत तो तयार होतो, आणि ती शीर आईच्या झाडाची असते. पण मधमाशीनं लवंगीचा पराग ढोबळीवर आणला असेल तर त्या ढोबळीतलं बी पुढच्या वर्षी लावल्यावर मिरची तिखट निघते. तिखटाचा गुण बिनतिखटावर वरचढ ठरतो.

म्हणून बी धरताना काळजी हवी. संकेश्वरीची ओळखच बारीक, लांब आणि झणझणीत. शेजारी ब्याडगी असेल तर सुरकुत्या, रंग आणि तिखट यांची सरमिसळ होते. (ब्याडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या रंगासाठी नावाजलेल्या हावेरीकडच्या मिरचीला, संकेश्वरीशी तिची गल्लत करू नका.) निरोगी, मनासारखं झाड निवडा. एका फांदीवरच्या उघडलेल्या कळ्या आणि लागलेली फळं काढून टाका. उरलेल्या मिटलेल्या कळ्यांवर मलमलची पिशवी चढवून तोंड सुतळीनं सैल बांधा. रोज सकाळी फांदीला टिचकी मारा. बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या दिसल्या की पिशवी काढा आणि त्या देठांना लाल दोरा बांधा. झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, बी वेगळं करून कोरड्या बाटलीत ठेवा. दोन वर्षं उगवण चांगली राहते, पुढं घटते. हातमोजे घाला, आणि त्या हातानं डोळा चोळू नका.

संकरित पाकिटातल्या झाडाचं बी धरू नका. पुढच्या वर्षी घरात पाच तऱ्हा निघतील.

प्रश्न : बगलफूट काढायची की नाही? (चिकोडी)

वेलासारख्या वाढत जाणाऱ्या टोमॅटोची काढायची. करंगळीएवढी असतानाच, सकाळी, हातानं मोडून. ठरावीक उंचीला थांबणाऱ्या झुडपी जातीची काढली तर फळंच कमी येतात. तिथं फक्त पहिल्या फुलाच्या खालची काढा. मिरचीची काढू नका, पहिल्या दुबेळक्यात येणारं एकटं फूल तेवढं खुडा.

प्रश्न : एप्रिलमध्ये फुलं येतात आणि गळतात. जी फळं राहतात ती लाल न होता पिवळट नारिंगी राहतात. (गोकाक)

दोन्हींचं कारण ऊन. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री गारवा नसला की पराग मरतो, फूल गळतं. टॉनिकच्या बाटल्यांवर खर्च करू नका. दुपारी अकरा ते चार 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पश्चिमेची बाजू आधी झाका, आणि सकाळी नऊच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटानं हलकेच टिचकी द्या. मिरची तग धरते. मे संपेपर्यंत तिला जगवा, जूनमध्ये एक तृतीयांश छाटा, मूठभर शेणखत घाला, पुन्हा फुटते.

रंगाचं म्हणाल तर टोमॅटोचा लाल रंग 30 अंशांच्या वर नीट बनत नाही. देठाच्या विरुद्ध टोकाला गुलाबी छटा आली की फळ तोडा आणि घरात सावलीला, टोपलीत एकावर एक न रचता ठेवा. पिकायला ऊन लागत नाही. चार-सहा दिवसांत लाल होतात. ते फ्रिजमध्ये घालू नका; अर्धकच्चा टोमॅटो तिथं पिकत नाही, नुसता मऊ पडतो आणि चव जाते.